फ्लायव्हीलच्या पेटंटची नोटीस आली तर: उत्तर सगळ्यात शेवटी

प्रेस, डिझेल इंजिन किंवा जनरेटरसाठी स्टीलची फ्लायव्हील्स (फिरण्याचा वेग सारखा ठेवणारी जड चाकं) करणाऱ्या लहान-मध्यम कारखान्यात पेटंटची नोटीस आली की पहिल्या दोन दिवसांत बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. मालक चिडतात. "हेच फ्लायव्हील आम्ही वीस वर्षं करतोय" असं पत्र स्वतः टाइप करून पाठवतात. डिझाइनवाल्याला ड्रॉइंग बदलायला सांगतात. वकिलाला फोन जातो तो त्यानंतर.

हा क्रम उलटा आहे आणि महागात पडतो. त्या एका वाक्यात "आमचा माल तुमच्या पेटंटसारखाच आहे" ही कबुली लेखी गेलेली असते. वीस वर्षांचा पुरावा पुढे सापडला नाही तर हातात फक्त कबुली उरते.

खालचे टप्पे भारतातल्या पेटंट कायद्याला, म्हणजे १९७० च्या कायद्याला धरून आहेत. वकील किंवा पेटंट एजंट लागणारच. पण पहिले सहा टप्पे तुमच्याशिवाय होत नाहीत, कारण कागद आणि धातू दोन्ही तुमच्या शेडमध्ये पडलेले असतात.

## टप्पा १: तारीख पकडा, कागद गोठवा

१. नोटिसीचा लिफाफा टाकून देऊ नका. ईमेल असेल तर ती मूळ स्वरूपात जपा, नुसता फॉरवर्ड पुरत नाही. कलम १११ नुसार, पेटंट आहे हे माहीत नव्हतं आणि माहीत असण्यासारखं कारणही नव्हतं असं तुम्ही सिद्ध केलंत तर त्या काळाची नुकसानभरपाई लागत नाही. नोटीस हातात पडल्यापासून हा बचाव संपतो, म्हणून ती तारीख तुमच्या बाजूने महत्त्वाची आहे.

२. त्या मॉडेलचा सगळा इतिहास एका ठिकाणी आणा: ड्रॉइंगच्या सर्व रिव्हिजन, पर्चेस ऑर्डर, बिलं, डिलिव्हरी चलनं, फोर्जिंगवाल्याचं टेस्ट सर्टिफिकेट, हीट नंबर (स्टील कोणत्या वितळणीतलं ते सांगणारा), रूट कार्ड (नगावर कोणती कामं कोणत्या क्रमाने झाली त्याची नोंद), बॅलन्सिंगचे रिपोर्ट, भट्टीचे चार्ट. भट्टीचे जुने चार्ट थर्मल कागदावर असतील तर आजच स्कॅन करा, ती अक्षरं उडतात. हीट ट्रीटमेंट बाहेरून होत असेल तर चार्ट त्यांच्याकडे असतात. फोनवर मागू नका, पत्र देऊन मागा.

३. स्टोअरमधले दोन-तीन तयार नग बाजूला काढा, नंबर पाडा, सील करा.

इशारा: ड्रॉइंगवर मागची तारीख घालणं, जुनी रिव्हिजन पुसणं, सर्व्हरवरून फाइल काढणं यातलं काहीही करू नका. कॅड फाइलच्या आत खरी तारीख राहते. ती कोर्टात उघडी पडली की तुमच्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

## टप्पा २: नोटीस नेमकी कशाच्या जोरावर आहे

नोटिसीत नंबर असतो. तो नीट पाहा. २०१६ पासूनचे अर्जाचे नंबर बारा आकडी असतात: पहिले चार आकडे वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा (दिल्ली १, मुंबई २, कोलकाता ३, चेन्नई ४). मंजूर पेटंटचा नंबर वेगळा आणि लहान असतो. नोटिसीत फक्त बारा आकडी नंबर असेल तर बहुधा तो अर्जाचा आहे. पेटंट अजून मिळालेलं नसेल तर न्यायालयात दावा लावता येत नाही. मात्र मिळालं, तर अर्ज प्रसिद्ध झाल्यापासूनच्या काळाची भरपाई मागता येते. म्हणजे हसून सोडून देण्यासारखंही ते नाही.

पेटंट कार्यालयाच्या इनपास या सर्च पानावर नंबर टाकून या गोष्टी पाहा:

- पेटंट मंजूर आहे का, आणि आज कुणाच्या नावावर आहे
- अर्जाची तारीख. मुदत तिथून २० वर्षं, मंजुरीपासून नव्हे
- प्रायॉरिटी तारीख, म्हणजे त्याच शोधाचा सगळ्यात पहिला अर्ज झाला ती तारीख. जुना पुरावा या तारखेच्या आधीचा लागतो
- नूतनीकरणाची फी भरलेली आहे का

फी चुकली तर पेटंट पडतं. १८ महिन्यांच्या आत ते पुन्हा जिवंत करून घेता येतं, पण पडल्यापासून ते पुन्हा मागण्याचा अर्ज प्रसिद्ध होईपर्यंतच्या काळात तुम्ही केलेल्या मालावर दावा चालत नाही.

कधी कधी नोटीस पेटंटची नसतेच, डिझाइन नोंदणीची असते. ते २००० च्या डिझाइन कायद्याखाली येतं, मुदत १० अधिक ५ वर्षं, आणि संरक्षण फक्त डोळ्याला दिसणाऱ्या रूपाला. आरे किती आणि वजन कमी करणारी भोकं कुठे हे नुसतं कामापुरतं असेल तर तिथे बचावाला चांगली जागा आहे. पण तो रस्ता वेगळा. पुढचे टप्पे पेटंटसाठीच आहेत.

तपासा: निर्यात करत असाल तर एस्पासनेट या युरोपीय पेटंट कार्यालयाच्या सर्च पानावर त्याच पेटंटचं कुटुंब, म्हणजे त्याच शोधाचे इतर देशांतले अर्ज, पाहा. भारतात पेटंट नसेल तर इथे बनवायला अडचण नाही, पण अमेरिकेत असेल तर तुमचा माल तिथे उतरवणारा ग्राहक अडकतो आणि मग तो तुमच्याकडे येतो.

## टप्पा ३: मंजूर दावे वाचा, बाकी नंतर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लोक पहिल्या पानावरचा सारांश वाचतात, आकृती पाहतात आणि "अरे, हे तर आपलंच" म्हणतात. हक्क असतो तो शेवटी क्रमांक घालून दिलेल्या दाव्यांत, म्हणजे क्लेममध्ये. तेसुद्धा मंजूर झालेल्या दाव्यांत. अर्ज प्रसिद्ध होतानाचे दावे रुंद असतात, तपासणीत ते छाटले जातात. गूगलवर सापडणारी प्रत बऱ्याचदा छाटण्याआधीची असते.

म्हणून इनपासवरून तीन कागद उतरवा: पहिला परीक्षण अहवाल, त्याला अर्जदाराने दिलेलं उत्तर, आणि मंजूर दावे. यात सर्वांत मोलाचं उत्तर. "आधीच्या फ्लायव्हीलला मध्यभागी भोक आहे, आमच्याला नाही" असं सांगून त्यांनी पेटंट मिळवलं असेल, तर आता भोक असलेल्या फ्लायव्हीलवर हक्क सांगताना तेच उत्तर त्यांच्यापुढे ठेवता येतं.

दावा वाचताना दोन इंग्रजी शब्द ओळखा. "कम्प्रायझिंग" असेल तर यादी उघडी आहे: त्यातलं सगळं तुमच्याकडे असेल तर वर चार भोकं जास्त पाडून सुटका नाही. "कन्सिस्टिंग ऑफ" असेल तर यादी बंद. "आम्ही एक रिंग जास्त लावलीय, म्हणजे वेगळं झालं" हा गैरसमज याच ठिकाणचा.

दाव्यांतही मुख्य कोणते, त्यांच्यावर टेकलेले कोणते ते वेगळं काढा. मुख्य दाव्यात तुम्ही बसत नसाल तर टेकलेल्यातही बसत नाही.

## टप्पा ४: आपला नग मोजा, ड्रॉइंग नव्हे

ड्रॉइंगवर जे आहे ते शॉपमध्ये होतंच असं नाही. रेडियस वाढवलेला असतो, टेपर लेथवरच्या माणसाने सोयीने घेतलेला असतो. कोर्टापुढे नग येतो, म्हणून नगच मोजा.

दाव्यात कठिणतेचा आकडा असेल तर वरवर हार्डनेस घेऊन थांबू नका. फोर्जिंगच्या पृष्ठभागावर कार्बन उडालेला थर असतो, तिथे आकडा कमी येतो. थर घासून काढा, आणि एक नग उभा कापून कडेपासून मध्यापर्यंत ठराविक अंतरावर वाचनं घ्या. एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, त्याच्या मान्यतेच्या प्रयोगशाळेतून करा. कापण्याआधी त्याच हीट नंबरचा जोड नग सीलबंद आहे ना ते पाहा.

## टप्पा ५: जुळवणीचा तक्ता

मुख्य दाव्याचे तुकडे पाडा. डावीकडे दाव्याचे शब्द जसेच्या तसे, मध्ये तुमचा नग, उजवीकडे पुरावा. उदाहरण म्हणून एक काल्पनिक दावा घेऊ:

(अ) फोर्ज्ड मिश्र स्टीलची अखंड चकती, मध्यभागी भोक नसलेली;
(आ) चकतीच्या दोन्ही बाजूंना त्याच धातूतून कोरलेली शाफ्टची टोकं;
(इ) मध्याकडून कडेकडे कमी होत जाणारी जाडी;
(ई) कडेपासून मध्यापर्यंत कठिणतेतला फरक ठरलेल्या मर्यादेत.

तुमचं फ्लायव्हील प्रेसचं आहे. मध्ये भोक आहे, चावीची खाच आहे, शाफ्ट वेगळा बसतो, जाडी सारखी. (अ), (आ), (इ) तिन्ही नाहीत. दाव्यातला एक घटक जरी नसेल तरी शब्दशः उल्लंघन होत नाही.

पण इथेच पेन खाली ठेवू नका. समोरचा म्हणेल, भोक आणि शाफ्ट मिळून तेच काम होतं, शब्दांचा खेळ करू नका. न्यायालयं मग पाहतात की तुमचा पर्यायी भाग तेच काम, त्याच पद्धतीने, तोच परिणाम साधत करतो का. याला उत्तर यंत्रशास्त्राने द्यायचं असतं.

सारख्या जाडीच्या भरीव स्टील चकतीत फिरताना सर्वांत जास्त ताण मध्यभागी येतो. तिथे बारीकसं जरी भोक पाडलं तरी भोकाच्या काठावरचा ताण साधारण दुप्पट होतो. ६०० मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल तर भरीव चकतीच्या मध्यावर सुमारे २९ मेगापास्कल, भोक असेल तर सुमारे ५८. फोर्ज्ड स्टीलची यील्ड मर्यादा (ज्या ताणानंतर धातूचा आकार कायमचा बदलतो) याच्या कितीतरी वर असते, आणि प्रेसचं फ्लायव्हील याहूनही बरंच हळू फिरतं. म्हणजे तिथे भोक असणं-नसणं ताकदीच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचं. ऊर्जा साठवणाऱ्या वेगवान फ्लायव्हीलमध्ये मात्र तोच दुप्पट ताण निर्णायक ठरतो: भोक असेल तर त्याच धातूला झेपणारा वेग सुमारे ७१ टक्क्यांवर येतो. ज्या पेटंटचा सगळा भर भोक नसण्यावर आहे, त्याने सोडवलेला प्रश्न तुमच्या मालात उद्भवतच नाही, हे असं आकड्याने दाखवता येतं. हे पान तुमच्या डिझाइन इंजिनिअरने लिहायचं. वकिलाला ते सुचणार नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये.

बजाज आणि टीव्हीएस यांच्या दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाच्या वादात दोन प्लग दोघांकडेही होते. भांडण दाव्यातल्या बाकीच्या शब्दांवर झालं, कारण टीव्हीएसच्या इंजिनाला तीन व्हॉल्व्ह होते. मद्रास उच्च न्यायालयात फेब्रुवारी २००८ मध्ये मिळालेली अंतरिम मनाई खंडपीठाने मे २००९ मध्ये उठवली. मधले महिने व्यवसायाने काढायचे असतात. तक्ता किती काळजीने भरायचा ते यावरून ठरवा.

दावा प्रक्रियेचा असेल तर: उष्णतोपचाराचा क्रम किंवा रिंग गिअर तापवून बसवण्याची पद्धत असा दावा असेल तर कलम १०४अ वाचा. तुमचा नग त्या प्रक्रियेतून निघणाऱ्या नगासारखाच असेल आणि कलमातल्या अटी पुऱ्या होत असतील, तर आपली प्रक्रिया वेगळी आहे हे सिद्ध करण्याचा भार न्यायालय तुमच्यावर टाकू शकतं. तेव्हा उपयोगी पडतात ती टप्पा १ मधली रूट कार्डं आणि भट्टीचे चार्ट. ती तुमची गुपितं आहेत, म्हणून नोटिसीच्या उत्तरात जोडू नका. न्यायालयात गोपनीयतेचा आदेश घेऊन मगच दाखवा.

## टप्पा ६: जुनं शोधा, पण तारखेसकट

पेटंट मंजूर आहे म्हणजे ते वैध आहे असं कायदा धरून चालत नाही. मिर्झापूरच्या भांडी घडवण्याच्या लेथच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पेटंट रद्दबातल ठरवलं. जुन्या साधनात कारागिराने सहज केली असती अशी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, हा त्याचा गाभा. धातुकामाच्या वादात वकील आजही हा निकाल काढतात.

शोध दोन ठिकाणी घ्या.

पहिलं, पेटंटच्या साठ्यात. नुसता "फ्लायव्हील" शब्द टाकलात तर ढीग येईल. वर्गीकरणाने शोधा: साध्या फ्लायव्हीलसाठी एफ १६ एफ १५/३०, दोन वस्तुमानांच्या फ्लायव्हीलसाठी एफ १६ एफ १५/१३१, मोटर-जनरेटरला जोडलेल्यासाठी एच ०२ के ७/०२. अक्षरं अर्थातच रोमन टाकायची. कडेकडे निमुळती होत जाणारी चकती टर्बाइनवाल्यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीसच वापरात आणली होती, तेव्हा टर्बाइनच्या चकत्यांचा वर्गही सोडू नका.

दुसरं, तुमच्या स्वतःच्या आणि शेजारच्या कारखान्यांच्या कपाटात. प्रायॉरिटी तारखेआधी भारतात उघडपणे वापरलेली किंवा विकलेली वस्तू पेटंट पाडू शकते. पण नुसतं बिल पुरत नाही. बिलावर "फ्लायव्हील, १२ नग" एवढंच असतं, त्यावरून आत भोक होतं की नव्हतं ते कळत नाही. साखळी पूर्ण लागते: बिल, त्यावरचा ड्रॉइंग नंबर, त्या तारखेला लागू असलेली रिव्हिजन, आणि जमल्यास त्याच काळातला, अजून एखाद्या ग्राहकाच्या प्रेसवर फिरणारा नग. कोल्हापूर-इचलकरंजीकडे किंवा भोसरीत चाळीस वर्षांचे प्रेस अजून चालतात. मालकाला विनंती करून नामपट्टी आणि फ्लायव्हीलचे फोटो घ्या, मापं घ्या, त्यांचं प्रतिज्ञापत्र घ्या.

नेहमीची चूक १: "आम्ही आधीपासून करतोय, म्हणून आम्हाला सूट." काही देशांत जुन्या वापरकर्त्याला तशी सूट आहे. आपल्या कायद्यात तसा सरसकट हक्क नाही. जुना वापर पेटंट पाडायला कामी येतो, पेटंट तसंच ठेवून तुम्हाला वगळायला नाही.

नेहमीची चूक २: नवेपणा खोडायला एका कागदातून भोक नसणं आणि दुसऱ्यातून निमुळती जाडी असं जोडणं. नवेपणासाठी सगळे घटक एकाच जुन्या कागदात किंवा वस्तूत लागतात. जोडणी चालते ती "यात शोधक पाऊल नाही" या मुद्द्यावर, आणि तिथेही कारागिराने त्या दोन गोष्टी का जोडल्या असत्या ते सांगावं लागतं.

तुमचा आजचा नग जुन्या, पेटंटआधीच्या नगासारखाच असेल तर दुहेरी फायदा. दावा तुमच्यापर्यंत पोचत असेल तर तो जुन्या नगापर्यंतही पोचतो आणि पडतो. पोचत नसेल तर उल्लंघनच नाही.

## टप्पा ७: कोणत्या दाराने जायचं

हे वकिलाबरोबर ठरवा. प्रश्न मात्र तयार ठेवा.

- पेटंट मंजुरी प्रसिद्ध होऊन वर्ष झालेलं नसेल तर पेटंट कार्यालयात मंजुरीनंतरचा विरोध दाखल करता येतो. अर्ज अजून मंजूर नसेल तर मंजुरीआधीचा विरोध कुणालाही करता येतो.
- वर्ष उलटलं असेल तर उच्च न्यायालयात पेटंट रद्द करण्याची याचिका, किंवा तुमच्यावर न्यायालयात दावा लागल्यावर प्रतिदावा. एकाच वेळी सगळी दारं ठोठावता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने पवनचक्क्यांच्या पेटंटवरून झालेल्या वादात २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. आधी निवड करा.
- समोरचा तुमच्या ग्राहकांना धमकीची पत्रं पाठवत असेल तर कलम १०६. पोकळ धमकीविरुद्ध तुम्हीच दावा लावू शकता. फक्त "आमचं अमुक पेटंट आहे" एवढं कळवणं मात्र धमकी ठरत नाही, म्हणून ग्राहकाकडून पत्राची प्रत घ्या, तोंडी सांगण्यावर जाऊ नका.
- नवीन डिझाइन आणणार असाल तर कलम १०५: आधी पेटंटधारकाला पूर्ण तपशिलासह लेखी विचारायचं, त्याने नकार दिला किंवा गप्प बसला तर उल्लंघन नाही अशी घोषणा न्यायालयाकडून मागायची.

एकतर्फी मनाईची भीती असेल तर माल जिथे विकता तिथल्या न्यायालयांत कॅव्हेट, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज, लावा. ते ९० दिवस टिकतं, पुढे पुन्हा लावावं लागतं. दावा पुण्याच्या जिल्हा न्यायालयात लागला आणि तुम्ही पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केलात तर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात जातं.

मुदत: व्यावसायिक दाव्यात समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची. न्यायालय वाढवून देऊ शकतं, पण १२० दिवसांपलीकडे नाही; मग कैफियत देण्याचा हक्कच जातो. नोटिसीतले "७ दिवस" किंवा "१५ दिवस" कायद्याने घातलेले नसतात. ते सोयीने वाढवून मागता येतात, हे १२० दिवस नाही.

## टप्पा ८: आता उत्तर

वेळ लागणार असेल तर आधी दोन ओळींची पोच द्या: नोटीस मिळाली, तपासणी चालू आहे, अमुक तारखेपर्यंत कळवू, आमचे सर्व हक्क राखून. त्यात बचावाचा एक शब्दही नको.

खऱ्या उत्तरात उलट त्यांनाच विचारा: कोणता दावा, आमचं कोणतं मॉडेल, आणि दाव्याच्या प्रत्येक घटकाशी ते कसं जुळतं? बऱ्याच नोटिसा इथेच थंडावतात, कारण पाठवणाऱ्याने तुमचा नग पाहिलेलाही नसतो. उत्तरात ड्रॉइंग जोडू नका, विक्रीचे आकडे देऊ नका, "सारखं", "तसंच" असे शब्द वापरू नका, आणि टप्पा ६ मधला सगळ्यात जोरदार पुरावा लगेच उघडा करायचा की नाही ते वकिलाला ठरवू द्या.

जॉब वर्क करत असाल, म्हणजे ड्रॉइंग ग्राहकाचं आणि मशीनिंग तुमचं, तरी बनवणारा म्हणून तुम्ही जबाबदारच. "आम्ही फक्त लेबर केलं" हा बचाव नाही. पर्चेस ऑर्डरमध्ये भरपाईचं कलम आहे का पाहा आणि ग्राहकाला त्याच दिवशी लेखी कळवा. उशिरा कळवलं म्हणून हात वर करणारे ग्राहक असतात. कलम नसेल तर पुढच्या ऑर्डरपासून घालून घ्या.

## टप्पा ९: तडजोड किंवा डिझाइन बदल

तक्ता तुमच्या विरुद्ध गेला तर लढण्यापेक्षा हा टप्पा स्वस्त. लायसन्स घेत असाल तर ते लेखीच घ्या. पेटंटबाहेरचा माल, समजा बेअरिंग किंवा कच्चं फोर्जिंग, त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती करणारी अट, किंवा पेटंटच्या वैधतेला कधी आव्हान देणार नाही अशी अट कलम १४० खाली चालत नाही. मसुद्यात दिसली तर काढायला लावा. रॉयल्टी नगावर आहे की किलोवर तेही नीट वाचा, स्टीलमध्ये त्याने मोठा फरक पडतो.

डिझाइन बदलणार असाल तर बदल मुख्य दाव्यातल्या निदान एका घटकाला पूर्ण बाहेर काढणारा हवा. जाडी दोन मिलिमीटरने फिरवून उपयोग नाही. नवीन ड्रॉइंग नंबर, आजची तारीख, आणि कोणत्या सीरियल नंबरपासून बदल लागू झाला याची नोंद ठेवा. वस्तुमान हललं म्हणजे डायनॅमिक बॅलन्सिंग नव्याने करा आणि त्याचा रिपोर्ट त्या सीरियलशी जोडा. जुन्या डिझाइनचे नग गोदामात किंवा डीलरकडे पडलेले असतील तर त्यांची यादी त्याच दिवशी करा. बदलाच्या तारखेनंतर त्यातला एक जरी विकला गेला तर तो नवीन उल्लंघन म्हणून मोजला जातो.